पिंचनची खतावणी

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. उमेदीची वर्षे आडत दुकानात वह्या लिहिण्यात गेली. त्यामुळे जुना कागद हाती आला, की माझी नजर आधी नावे आणि जमा या दोन बाजूंकडे जाते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा सतराव्या शतकातला व्यापारी जॉन पिंचन मला भेटला तो असाच, त्याच्या हिशेबाच्या वह्यांतून. त्यांतला निवडक भाग १९८५ मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला आहे.

गाव वसवले ते जॉनच्या बापाने, विल्यम पिंचनने, १६३६ मध्ये. जागेची निवडच व्यापाऱ्याची आहे. कनेक्टिकट नदीतून वर येणारी गलबते एन्फील्डच्या खडकाळ धारेपाशी अडत. तिथे त्याने वखार घातली आणि स्वतः धारेच्या वरच्या अंगाला ठाण मांडले. उत्तरेकडून होड्यांतून उतरणारी कातडी आधी त्याच्या दाराशी येत. मूळ रहिवाशांना जमिनीचे मोल मिळाले ते १८ वाव वॅम्पम, १८ कोट, १८ कुऱ्हाडी, १८ कुदळी आणि १८ सुऱ्या. मात्र त्याच खतात त्यांनी मासे, हरणे, अक्रोड आणि ओकची फळे घेण्याचा हक्क राखून ठेवला. आपण जमिनीवरचा वावर सोडतो आहोत, असे त्यांना वाटले नसावे. माझ्या मते पुढच्या सगळ्या गैरसमजाचे मूळ या एका कलमात आहे.

विल्यमने धर्मविषयक एक पुस्तक लिहिले. ते १६५० मध्ये बॉस्टनमध्ये जाहीरपणे जाळले गेले. १६५२ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पंचविशीतल्या जॉनकडे सगळा कारभार आला.

या व्यवहाराचा कणा होता बीव्हर. हे पाणमांजर नव्हे. झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा हा प्राणी. त्याच्या कातड्यावरील आतल्या मऊ लवेपासून इंग्लंडमध्ये नमद्याच्या टोप्या बनत. १६५२ ते १६५७ या सहा वर्षांत जॉनने सुमारे ९ हजार कातडी बाहेर पाठवली. इंग्लंडहून कापड यायचे, ते पिंचनकडून जोसेफ पार्सन्स, डेव्हिड विल्टन, थॉमस कूपर अशा हस्तकांकडे जायचे, आणि तिथून उधारीवर शिकाऱ्यांच्या हाती. शिकार झाली की वसुली कातड्यांत. मधले चलन म्हणजे वॅम्पम, समुद्री शिंपल्या-शंखांचे पांढरे-जांभळे मणी. सुटे मणी घेऊन पिंचन ते गावातल्या घरोघरी ओवून घेई आणि माळा वावाने मोजी. आपल्याकडच्या आडत्याला यातले काहीही नवीन वाटू नये: आधी उचल, मग माल.

आता नॉर्वोटकांचा प्रमुख उम्पन्चेला याचे खाते पाहा. १६५९-६० च्या सुमारास त्याच्या नावे कोट पडतात, झुलीदार कापड पडते, वॅम्पम पडते. मधेच दारू पिण्याबद्दलचा दंडही नावे पडतो! दुकानदार पिंचन, आणि खोऱ्यातल्या न्यायदानातही पिंचनच. देणे जसे वाढत गेले तशी उम्पन्चेलाने जमीन तारण दिली. कातडी आली नाहीत. जमीन गेली.

पिंचनला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मी तसे म्हणणार नाही. उम्पन्चेलाही अजाण नव्हता. १६५८ मध्ये हॅडलीची जमीन पिंचनला विकणाऱ्या तिघा प्रमुखांत तो एक होता, म्हणजे सौद्याची रीत त्याला ठाऊक होती. पण दोन बाजूंची देणी सारखी नव्हती. पिंचनचे देणे दुसऱ्या जहाजाने येणाऱ्या मालातून फिटे. उम्पन्चेलाचे देणे फक्त बीव्हरने फिटणार होते, आणि बीव्हर तर आसपासच्या ओढ्यांतून संपत चालला होता. १६६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने वॅम्पमची कायदेशीर चलन म्हणूनची मान्यताही काढली. आपल्या मुलखाबाहेर शिकारीला जावे, तर मोहॉकांशी वैर. १६६४ मध्ये त्यांनी पोकमटकांची वस्ती उद्ध्वस्त केली. तिथली जमीन पुढे डेडहॅमकरांना मिळाली, आणि ती खरेदी जुळवून देणाराही पिंचनच.

आमच्या पेढीवर अशा खात्याला 'थकीत' म्हणत. पिंचनच्या वहीत मात्र थकलेले खाते तोट्याचे ठरत नाही. त्यातून जमीन निघते, जमिनीवर इंग्रज कुटुंबे बसतात, आणि तीच कुटुंबे पुढल्या पानांवर त्याची नवी कुळे आणि देणेकरी होतात. कातड्यांचा ओघ आटला, तरी पेढी वाढतच राहिली, आता गव्हावर, गुरांवर, गिरण्यांवर.

५ ऑक्टोबर १६७५ रोजी, मेटाकोमच्या युद्धात, स्प्रिंगफील्ड पेटले. सुमारे ३० घरे, जवळपास २५ कोठारे आणि पिंचनच्या गिरण्या जळाल्या. शेजारच्या अगवामांवर गावाचा चाळीस वर्षांचा भरवसा होता. गढीत काय चालले आहे हे पाहायला त्या सकाळी घोड्यावरून निघाला तो थॉमस कूपर, पिंचनचा कातड्यांचा जुना हस्तक. वाटेतच त्याला गोळ्या लागल्या आणि तो मेला. पिंचन स्वतः त्या वेळी गावात नव्हता. आदल्या दिवशीच तो शिपाई घेऊन हॅडलीला गेला होता.