वेरूळला घाई नको



१९८९ साली आमच्याकडून यात्रेची गाडी निघाली होती. पैठणला मुनिसुव्रतनाथांचे आणि कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन वेरूळला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. तासाभरात परत या, असे बजावून सांगितले होते, म्हणून सगळे कैलास लेण्याकडे धावले. सासूबाईंनी विचारले, "अगं, आपली लेणी कुठं आहेत?" कोणीतरी लांब हात करून म्हणाले, "तिकडं, पार टोकाला." मी म्हटले, "आई, पुढच्या वेळी नक्की बघू." त्यांच्या आयुष्यात ती पुढची वेळ आलीच नाही.

गेल्या थंडीत नणंदबाईंना घेऊन मुद्दाम गेले. दशम्या, चटणी, गाळलेले पाणी बरोबर घेतले आणि अख्खा दिवस हाताशी ठेवला.

वेरूळची डोंगररांग दोन किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सोळावे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आकाराला आले. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला! ते पाहून डोळे निवतात आणि बहुतेक लोक तिथूनच माघारी फिरतात.

आम्ही उलट केले. सकाळी आधी टोकाला गेलो. आपली लेणी साधारण नवव्या-दहाव्या शतकातली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि त्याचे गुरू, आदिपुराण रचणारे आचार्य जिनसेन, हे नवव्या शतकातले. त्या काळी दक्खनेत जैन धर्माला किती मान होता, हे ध्यानात ठेवून ही लेणी पाहावीत.

बत्तिसावे लेणे म्हणजे इंद्रसभा. अंगणात एकाच दगडातले चौमुखी मंदिर, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला मानस्तंभ. वरच्या मजल्यावर हत्तीवर बसलेली एक मूर्ती आहे. तिला लोक इंद्र समजले आणि लेण्याला हे नाव पडले. अभ्यासक मात्र ती सर्वानुभूती यक्षाची मानतात. समोर आंब्याच्या झाडाखाली, सिंहावर बसलेली, मांडीवर लेकरू घेतलेली नेमिनाथांची यक्षी अंबिका. नणंदबाई तिच्यापुढून हलेनात. "वहिनी, ही तर आपल्यातलीच वाटते," म्हणाल्या.

भिंतींवर पार्श्वनाथ आणि बाहुबली पुन्हा पुन्हा भेटतात, पुष्कळदा समोरासमोर. एकीकडे कमठाचा उपसर्ग चाललाय, तरी प्रभू निश्चल. दुसरीकडे बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्यात, तरी ध्यान मोडत नाही. मी कॉमर्सची, मला हिशेबाची सवय. मनात आले, वेली चढेपर्यंत उभे राहिलेल्यांना बघायला आम्ही तासभरसुद्धा काढला नव्हता!

छतावर जुन्या रंगांच्या खुणा अजून दिसतात. मान वर करून निवांत बघितल्याशिवाय मात्र त्या नजरेस पडत नाहीत.

त्यानंतर टेकडीवर पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो. मूर्ती सुमारे १६ फूट उंच. तिथल्या लेखात शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४-३५, हा काळ आणि मूर्ती करवणाऱ्या चक्रेश्वराचे नाव आहे. म्हणजे खालची लेणी कोरून काही शतके उलटल्यावरही इथे आपली माणसे श्रद्धेने येत होती, खर्च करत होती. आणि आम्ही गाडी सुटेल म्हणून परतलो होतो.

तिथे बसून णमोकार म्हटला, सासूबाईंच्या नावाने. दुपारी कैलास पाहिले, घृष्णेश्वराचे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले मंदिर पाहिले आणि सूर्यास्ताच्या आत जेवून घेतले.

मैत्रिणींनो, लेणी मंगळवारी बंद असतात, तो वार टाळा. सुरुवात टोकाकडून करा. आणि घरातले म्हातारे माणूस "आपली लेणी कुठं?" म्हणाले, तर "पुढच्या वेळी" म्हणू नका. हात धरून त्याच दिवशी घेऊन जा.