हर्णे: किल्ला वाचवायचा, की गाव?

आज हर्णेला जाऊया. बंदरावर मासळीचा लिलाव चालू असतो आणि समोर समुद्रात उभा असतो सुवर्णदुर्ग. सगळ्यांचे फोन तिकडेच. मी म्हणतो, जरा मागे वळून पण बघा. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, तिघंही त्याच्या पाठराखणीला.

एप्रिल १७५५. पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांवर चाल केली. कमोडोर जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ किनाऱ्यावरचे किल्लेही गेले. चारही मिळून ठाणं एकच होतं ना!

२०२५ मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या यादीत आला. आता पर्यटक वाढतील. पण फत्तेगडावर तट जवळजवळ उरलाच नाही, तिथे कोळ्यांची वस्ती आहे. ते अतिक्रमण म्हणायचं, की किल्ल्याचा आजचा जीव? मी दुसऱ्या बाजूचा. तटाची डागडुजी करता येते, उठवलेली वस्ती परत बसत नाही. म्हणून आधी पाणी, गटारं, मासळीला बर्फ आणि सावली, रोषणाई नंतर.

लिलाव थांबला, तर हर्णे फक्त फोटोत उरेल. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!