तेजाबातली चांदी आणि खाणीतला जिवाणू

आमचे जत दुष्काळी, तसाच वर खानापूर-आटपाडीचा पट्टाही. तिकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर पांगली. हिणकस चांदी ते तेजाबात विरघळवतात. ती पाण्यात साखर जावी तशी दिसेनाशी होते. मग त्यात तांबे सोडायचे. द्रव निळसर होत जातो आणि तांब्यावर करड्या चांदीचा चोथा धरतो. तांब्याने चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन दिला, एवढेच घडते.

जिवाणूंकडून चांदीचे नॅनोकण करून घेतात, तेव्हाही हेच घडते. फक्त तांब्याच्या जागी जिवाणू असतो. हे लक्षात आले आणि मी या विद्येचे कूळ शोधू लागलो.

रूढ इतिहास १९९९ पासून सांगतात: स्वीडनमध्ये तान्या क्लाऊस आणि सहकाऱ्यांना स्युडोमोनास स्टुटझेरीच्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक सापडले. पण तो जिवाणू आला कुठून? चांदीच्या खाणीतून. चांदी पचवण्याची त्याची ताकद प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असल्याचे १९८४ सालीच छापून आले होते. त्याही आधी, १९७५ मध्ये, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातल्या साल्मोनेलाने सिल्व्हर नायट्रेटला दाद दिली नसल्याची नोंद आहे. म्हणून माझे ठाम मत असे, की ही विद्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. विषापासून जीव वाचवण्याच्या धडपडीतून ती आली.

यावर पहिला आक्षेप पुण्यातूनच येतो. पुणे विद्यापीठात देशपांडे आणि चोपडे यांनी १९९४ मध्ये अॅसिनेटोबॅक्टरमधली चांदी-प्रतिकारशक्ती प्लाझ्मिडवर दाखवली. पण तिथे दिसला तो प्रतिकार, चांदीचे कण बांधणे नव्हे. दुसरा आक्षेप आणखी जड आहे. २००२ मध्ये मद्रासच्या आयआयटीत नायर आणि प्रदीप यांनी ताकातल्या लॅक्टोबॅसिलसकडून धातूचे स्फटिक करून घेतले. ताकाचा आणि खाणीचा संबंध काय? शिवाय वाळवलेल्या, मेलेल्या पेशीही चांदीचे आयन क्षपित करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देतात. मेलेला कसला बचाव करणार?

तरी मी मागे हटत नाही. पेशीतली प्रथिने आणि शर्करा इलेक्ट्रॉन देतातच, ते भांडवल सगळ्यांकडे आहे. खाणीतल्या जिवाणूने ते जगण्यासाठी राबवले. फुकट मिळालेली रासायनिक सवय आणि तिचा घेतलेला फायदा, या दोन पायऱ्या मानल्या की ताकही बसते आणि खाणही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर जिवाणू सोडून बुरशी धरली. अबसार अहमद, मुरली शास्त्री आदींनी २००३ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमकडून पेशीबाहेरच ५ ते १५ नॅनोमीटरचे कण मिळवले. पेशी फोडायची गरज उरली नाही. आमच्या हरभऱ्याला मर लावणारी बुरशी याच प्रजातीची!

आता माझा पुढचा अंदाज: जिथे वर्षानुवर्षे गलाईचे पाणी मुरले, त्या मातीत चांदी सोसणारा जिवाणू असणारच. आपल्याकडच्या विज्ञानाच्या पोरांनी अशा गटारालगतची चिमूटभर माती सिल्व्हर नायट्रेट घातलेल्या आगरवर पसरून पाहावी.