तारायंत्राने काय बदलले?

तारायंत्र कोणी शोधले, असे वर्गात विचारले तर मोर्सचे नाव लगेच येते. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा सुमारे ६४ किलोमीटरचा तारमार्ग सुरू झाला, हेही एखादा हुशार विद्यार्थी सांगतो. नाव आणि साल मिळाले की आपण पुढच्या शोधाकडे वळतो. पण तारेमुळे माणसांच्या रोजच्या व्यवहारात काय फरक पडला, हा प्रश्न मात्र विचारायचा राहूनच जातो.

हा प्रश्न नेटाने विचारणारे एक अभ्यासक म्हणजे जेम्स कॅरी (१९३४-२००६). ते अमेरिकेत इलिनॉय आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात संज्ञापनाचे प्राध्यापक होते. तारायंत्र आणि त्यामागील विचारसरणी यांवरचा त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. प्रसारमाध्यमांच्या इतिहासात तो आजही वाचला जातो.

कॅरी यांचा मुख्य मुद्दा समजायला आपला ‘दळणवळण’ हा शब्द फार उपयोगी आहे. या एका शब्दात आपण रस्ते, रेल्वे, टपाल, दूरध्वनी असे सारे काही बसवतो. इंग्रजीतही पूर्वी वाहतूक आणि संदेश या दोहोंसाठी एकच शब्द होता. याचे कारण उघड आहे. निरोप न्यायचा तर कोणीतरी जायलाच हवे. त्यामुळे घोडा, जहाज किंवा आगगाडी यांचा वेग तोच बातमीचा वेग. याला अपवाद होते. फ्रान्समध्ये १७९४ पासून मनोऱ्यांवरील हलत्या दांड्यांच्या खुणांनी संदेश पाठवत, पण रात्री किंवा धुक्यात ते काम थांबे. तारेतून जाणाऱ्या विद्युतप्रवाहाला ही अडचण नव्हती. संदेश वाहतुकीपासून खऱ्या अर्थाने वेगळा झाला तो तारेमुळे, असे कॅरी म्हणतात.

याचे परिणाम पाहा. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येण्याचा धोका असतो. आता गाडी निघाल्याची वर्दी गाडीच्या आधी पुढच्या स्थानकावर पोहोचू लागली. म्हणजे संदेश वाहतुकीपासून नुसता सुटला नाही, तर तो वाहतुकीवर नियंत्रण ठेवू लागला.

दुसरा परिणाम बाजारावर झाला. एका शहरात गहू स्वस्त आणि दुसऱ्या शहरात महाग असेल, तर हे ज्या व्यापाऱ्याला आधी कळे तो नफा कमवी. तारेने भाव सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी कळू लागले आणि गावोगावच्या भावांतील तफावत कमी झाली. मग सट्टा कशावर करायचा? आज आणि उद्याच्या भावातील फरकावर! १८४८ साली शिकागोत तार पोहोचली आणि त्याच वर्षी तेथे धान्याच्या व्यापाराचे मंडळ स्थापन झाले. पुढे तेथेच वायदेबाजार भरभराटला. कॅरी यांच्या मते हा निव्वळ योगायोग नव्हता.

तिसरा परिणाम घड्याळावर झाला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. म्हणून पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या माध्यान्हावरून ठरे. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याला त्याची अडचण नव्हती, पण रेल्वेच्या वेळापत्रकात गोंधळ होऊ लागला. अखेर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेनुसार पट्टे पाडले, आणि तारेने आलेल्या इशाऱ्यावर घड्याळे जुळवली गेली. याबाबतचा देशव्यापी कायदा झाला तो १९१८ साली.

यावरून यंत्र आले की समाज आपोआप बदलतो, असा निष्कर्ष कोणी काढील. त्याला उत्तर द्यायला मुंबईचेच उदाहरण पुरेसे आहे. हिंदुस्थानात १८५१ साली ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर तारमार्ग सुरू झाला आणि पुढे देशभर तारांचे जाळे पसरले. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. घड्याळ पुढे नेले की गिरणी कामगाराला तेवढेच लवकर, अंधारात घर सोडावे लागणार. त्यामुळे कामगारांमध्ये असंतोष उसळला. परकीय सरकारने आपली वेळही ठरवावी, हे इतर अनेकांनाही रुचले नाही. महापालिकेने ‘मुंबई टाइम’च पसंत केला आणि तो १९५५ पर्यंत टिकला. एकच वेळ पाळणे तारेने शक्य केले. ती पाळायची की नाही, हे मात्र माणसांनी ठरवले, आणि तेही आपले हित-अहित पाहून.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी तिचा हा परिणाम वर्गात आजही दाखवता येतो. मैदानात एक काठी सरळ उभी रोवा आणि तिची सर्वांत आखूड सावली पडते ती वेळ मुलांना घड्याळात पाहायला सांगा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. त्यामुळे मुंबईत ही वेळ सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या, तर नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास येईल. पृथ्वीच्या भ्रमणकक्षेमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलामुळे यात वर्षभर १६ मिनिटांपर्यंत कमीजास्त होते. तेव्हा एकाच दिवसाच्या नोंदीवर थांबू नका. मग मुलांना विचारा : सूर्य डोक्यावर आलेला नसतानाही आपण बारा वाजले असे का म्हणतो, आणि हे कोणी ठरवले?