अक्ल आणि इश्क

उर्दू तत्त्वचिंतनपर काव्यातील एक जोडसंकल्पना. ‘अक्ल’ म्हणजे पारखणारी, हिशेब मांडणारी बुद्धी. ‘इश्क’ म्हणजे माणसाला स्वतःपलीकडे खेचून नेणारी ओढ. लावणीतला ‘इष्क’ कानात असलेल्या मराठी वाचकाने हा अर्थ आधी बराच ऐसपैस करून घ्यावा. फार्सी सूफी काव्यातून ही जोडी उर्दूत आली, तेव्हाच कौल इश्काच्या बाजूने लागलेला होता. अठराव्या शतकातील सिराज औरंगाबादी यांच्या सर्वांत गाजलेल्या गझलेत प्रेमाच्या वेडापुढे बुद्धीची पोथी बाजूलाच राहून जाते. मीर तकी मीर (१७२३–१८१०) यांच्या फार्सी आत्मचरित्रात वडील मुलाला उपदेश करतात, तोही इश्काचाच.

महंमद इक्बाल (१८७७–१९३८) यांनी हा कौल कायम ठेवला. मात्र बुद्धीला प्रतिवादी न मानता साक्षीदार मानले. ‘बांग-ए-दरा’ (१९२४) या संग्रहातील ‘अक्ल-ओ-दिल’ या छोट्या संवादकवितेत बुद्धी स्वतःची थोरवी सांगते, आणि मन तिचे एकही विधान खोडत नाही. ते सारे खरे मानूनच मन पुढे बोलते. फरक दाखवते तो समजण्यातला आणि प्रत्यक्ष पाहण्यातला. ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) मधील ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ या कवितेत हा विचार दगडात दिसतो. कोर्दोव्हाच्या त्या मशिदीत बारीक खांबांवर तांबड्या-पांढऱ्या कमानींची दुहेरी रांग चढवून छत उंच नेले आहे. अशी रचना हिशेबाशिवाय उभी राहत नाही; तरी तिच्या चिरंतनपणाचे श्रेय इक्बाल इश्काला देतात. कमान कशी तोलायची हे बुद्धी सांगते. ती कशासाठी उभारायची, हे तिच्या हाती नाही. इक्बालांच्या इश्काचा खरा अर्थ इथे सापडतो.

यावर पहिला आक्षेप असा की, इक्बालांच्या अनेक शेरांत बुद्धीची उघड हेटाळणी आहे. निम्रोदच्या आगीत शिरणाऱ्या इब्राहीमच्या प्रसंगी ती नुसती बघत राहते. पण तिथे दोष विचार करण्याला दिलेला नाही, कृतीची वेळ आल्यावरही घुटमळत राहण्याला दिला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचार आणि अंतःप्रेरणा एकाच मुळातून फुटतात, हे इक्बालांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याख्यानांत मांडले. तेव्हा हा समेट तत्त्वज्ञाचा, कवीचा नव्हे, असे म्हणता येईल. परंतु ‘अक्ल-ओ-दिल’ ही १९०५ पूर्वीची, म्हणजे केंब्रिज आणि म्युनिकच्या शिक्षणाआधीची कविता आहे. समेट काव्यात आधी झाला, गद्यात नंतर आला. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. दोन ओळींचा शेर कवितेतून सुटून एकटाच लोकांच्या तोंडी फिरतो, आणि विचार टाळू पाहणाऱ्याला तो आयता आधार पुरवतो. ‘हे सारे खरे’ ही मनाची कबुली तेव्हा त्याच्यासोबत नसते.