नाशिकरोडची निळी पुस्तिका आणि युरोपातली ‘नसलेली’ सीमा

परिषदेसाठी पहिल्यांदा युरोपात जाणारे ज्युनिअर हमखास विचारतात, “शेंगेन व्हिसावर एकदा आत शिरलो, मग पॅरिसहून ब्रुसेल्सला जाताना पासपोर्ट कशाला? तिथे तर सीमाच नाही ना?” थोडक्यात उत्तर: पासपोर्ट खोलीवर ठेवू नका, जवळ बाळगा. पण हे असं का, हे कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागेल.

१९०६ मध्ये आपल्या भगूरचे विनायक सावरकर शिकायला लंडनला गेले, तेव्हा भारत सोडायला पासपोर्टची सक्ती नव्हती. ती आली पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या नियमांनी. युद्ध संपलं, सक्ती मात्र राहिली. १९२० मध्ये भारतात पासपोर्टचा कायदा झाला. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने हे निर्बंध पुढे पूर्ण उठावेत अशी आशा व्यक्त केली, आणि तोपर्यंतची सोय म्हणून ३२ पानी पुस्तिकेचा एकसारखा नमुना सुचवला. नमुना टिकला, ‘तोपर्यंत’ विसरलं गेलं!

तुमच्या हातातली निळी पुस्तिका त्याच नमुन्याची वंशज. ती छापली जाते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं छापणारा हाच तो छापखाना.

पण पुस्तिका मिळणं हा तुमचा हक्क आहे का? १९६७ पर्यंत सरकारचं म्हणणं होतं, ‘देणं न देणं आमच्या मर्जीवर.’ त्या वर्षी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा मतांनी सांगितलं की परदेशप्रवास हा कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. काही आठवड्यांतच पासपोर्ट कायदा आला. आता नकार द्यायचा तर कायद्यातलं कारण दाखवावं लागतं.

आता पुन्हा युरोप. १९८५ चा शेंगेन करार १९९५ मध्ये अंमलात आला आणि सदस्य देशांमधल्या सीमांवरची तपासणी उठली. तपासणी उठली, ओळख दाखवण्याची जबाबदारी नाही. ओळखपत्र जवळ बाळगण्याची सक्ती करायची मुभा शेंगेनचे नियमच प्रत्येक देशाला देतात. हॉटेलातही परदेशी पाहुण्याची ओळख तपासून नोंद होते. शिवाय सप्टेंबर २०१५ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर ‘तात्पुरती’ तपासणी सुरू केली, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. १९१७ ची आठवण येते ना?

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रवासात मूळ पासपोर्ट जवळ हवाच. झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा, पासपोर्ट हरवला तर ती कामी येते, पण तपासणीत ती चालेलच असं नाही. आणि संशोधन करताना एखाद्या जुन्या कागदात ‘तात्पुरता’ हा शब्द दिसला, तर तिथेच थांबू नका. तो नियम खरंच कधी संपला, हे शोधा. बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडतो.