फुलं कुठून आली, कुणी जगवली



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, चहा व्हायचा होता, म्हणून आम्ही सगळ्याजणी त्या घरच्या परसात जाऊन उभ्या राहिलो. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ, भिंतीकडेला अबोली, जुन्या डालड्याच्या डब्यात सदाफुली. रेडिओवर मी इतिहासावर बोलते हे त्यांना माहीत होतं. एक मावशी हसत म्हणाल्या, "अगं, इतिहास म्हणजे राजे आन् किल्ले. आमच्या फुलांना कसला आलाय इतिहास?" त्या वेळी मी चहा पिऊन परत आले. आज उत्तर देते.

पावसाळ्यापासूनच सुरू करू, कारण आपल्या माणदेशात बागेचं वर्ष जूनमध्येच सुरू होतं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथं फुलांना कोण विचारतं? रोहिणीचा एखादा वळीव पडला की माझी आजी उतरंडीतल्या मडक्यातून चिंध्यांच्या पुरचुंड्या काढायची. एकीत तेरडा, एकीत झेंडू, एकीत गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी. चिंधीवर नाव लिहिलेलं नसायचं, तिला लिहिता येत नव्हतं. कुठल्या लुगड्याची चिंधी आहे त्यावरून तिला बी ओळखू यायचं.

तेरडा आपल्या मातीतलाच. माळावर, बांधावर आपसूक उगवणारा. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फट्दिशी फुटतं आणि बी लांब उडतं. पोरीबाळींचा तो खेळच असतो, आणि त्या खेळातून पुढच्या वर्षीची पेरणीही होऊन जाते. भाद्रपदात कितीतरी घरी तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांनाच गौर म्हणून बसवतात. गौर तीन दिवसांची आणि तेरड्याचा रंगही तीन दिवसांचा. सोन्याच्या मुखवट्याची ऐपत नसलेल्या घरीसुद्धा गौर यायची, ती या तेरड्यामुळं.

त्याच दिवसांत पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. या झाडाबद्दल लिहून ठेवलेलं मात्र खूप आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथंच राहिला. इथल्या औषधांवर आणि झाडांवर त्यानं एक पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात पारिजातकाला त्यानं 'दुःखी झाड' म्हटलं आहे, कारण ते रात्री फुलतं आणि उजाडताना सगळं गाळून टाकतं. सूर्यावर जीव जडलेल्या, त्यानं टाकून दिलेल्या आणि जळून राख झालेल्या मुलीची गोष्टही त्यानं ऐकून लिहिली. तिच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड बघवत नाही. ही गोष्ट माझ्या आजीलाही येत होती. साडेचारशे वर्षं ती कुणी टिकवली, ते सांगायला नको. या झाडाचं शास्त्रातलं नावही पुढं त्या 'दुःखी झाडा'वरूनच पडलं.

त्याही आधीचा एक दाखला मला फार आवडतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन नावाच्या पंडितानं काव्यावर ग्रंथ लिहिला. त्यात उदाहरण म्हणून एक प्राकृत गाथा दिली आहे. त्या गाथेत राणी नाही, अप्सरा नाही. आहे ती नांगर धरणाऱ्याच्या घरची सून आणि शेफालिकेचं झाड. शेफालिका म्हणजे आपला पारिजातक. झाड हलवलं की हातातल्या बांगड्या वाजतात आणि सासऱ्याच्या कानावर जातं, अशी त्यातली गंमत. ती रात्रीची तिथं का गेली होती हे गाथा स्पष्ट सांगत नाही, आपणही नको विचारायला. पण हजार-अकराशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याची सून आणि तिचं फुलझाड ही जोडी पंडितांच्या ग्रंथात जाऊन बसली होती, एवढं मावशींना सांगायचं होतं.

आता दसऱ्याकडं या. दसरा म्हटलं की झेंडू. दाराला तोरण, गाडीला माळ, विळ्या-खुरप्याला, शिलाई मशीनला एकेक फूल. मला कुणी लहानपणी सांगितलं असतं की झेंडू परदेशी आहे, तर मी भांडले असते. पण खरंच, झेंडू मूळचा मेक्सिकोचा, साता समुद्रापलीकडचा. तिथले जुने लोक त्याला 'सेंपोआलशोचित्ल' म्हणत. शोचित्ल म्हणजे फूल आणि सेंपोआल म्हणजे वीस. वीस फूल, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं फूल. १५२१ मध्ये स्पेनच्या लोकांनी तो मुलूख जिंकला, तिथली बियाणं जहाजांतून युरोपात गेली आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली असं अभ्यासक मानतात. आपली मिरची त्याच भागातून आली. मका, भुईमूग, पेरू हेही अमेरिकेतलेच. मिरचीशिवाय ठेचा आणि झेंडूशिवाय दसरा, दोन्ही आपल्याला सुचत नाही, आणि दोन्ही पाहुणेच.

मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला घरातल्या गेलेल्या माणसांचा सण असतो. त्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या दारापासून घरातल्या नैवेद्यापर्यंत पसरतात, गेलेल्यांना घराची वाट सापडावी म्हणून. आपल्याकडं दसरा-दिवाळीला तेच फूल लक्ष्मी यावी म्हणून दारात. दोन टोकांच्या बायका, एकमेकींची भाषा माहीत नाही, एकच फूल घेऊन साधारण एकाच हंगामात उंबऱ्यावर बसलेल्या.

बी किनाऱ्यापर्यंत जहाजानं आलं, ठीक. पण गोव्याच्या किनाऱ्यावरून ते घाट चढून आपल्या दुष्काळी माळावर कसं आलं? मला वाटतं, त्यासाठी कुणा राजाचा हुकूम लागला नाही. लेक माहेराहून सासरी जाताना पदराच्या गाठीला चार वाळकी फुलं बांधून गेली असणार. यात्रेला गेलेल्या बाईनं देवळाबाहेर सुकून पडलेली माळ उचलून आणली असणार. झेंडूच्या एका वाळलेल्या फुलात पुढच्या वर्षीचा अख्खा वाफा असतो. याचा कागद कुठल्या दप्तरात सापडायचा नाही, पण आजही आपण नेमकं हेच करतो, त्यावरून मी म्हणते.

करतो म्हणजे, करत होतो. आता बाजारात संकरित बियाण्याचं पाकीट मिळतं. फुलं मोठी, सगळी एका मापाची, बाजारात भाव चांगला. विकायला लावत असाल तर जरूर घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त त्या फुलांचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तशीच फुलं येत नाहीत, एक मोठं, एक बारकं, एक भलत्याच रंगाचं. दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. म्हणून दारातला एक वाफा तरी जुन्या गावरान झेंडूचा ठेवा. त्यातलं भरातलं, सगळ्यात चांगलं फूल देवाला न वाहता झाडावरच वाळू द्या. आजी म्हणायची, बियाचं फूल देवाला मागू नये. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावतात तेही तुम्हाला माहीत आहेच. फळ पोखरणारी अळी तिकडं वळते आणि मुळांना गाठी करणारे सूत्रकृमीही त्यानं कमी होतात.

गुलबक्षीही अमेरिकेकडचीच. नाव मात्र फारसीतून आलेलं, गुल-ए-अब्बास. संध्याकाळी चार-पाचला उमलते, त्यामुळं आजीला घड्याळ लागत नसे. गुलबक्षी उघडली की ती चूल पेटवायची. या झाडावर कार्ल कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं प्रयोग केले आणि १९०९ मध्ये छापले. काही गुलबक्षींच्या पानांवर पांढरे-हिरवे पट्टे असतात. त्यानं पाहिलं की पराग कुठल्याही झाडाचा घाला, बी हिरव्या फांदीवर धरलं तर रोप हिरवं येतं, पांढऱ्या फांदीवर धरलं तर पांढरं. पानाचा रंग फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात वाटा नाही. पोरगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरी हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं. अर्थात तो मुद्दा वेगळा, आणि मुलगा-मुलगी ठरतं ते बापाकडून.

थंडीत शेवंती. ही चीनची, तिथं दोन हजार वर्षांहून जास्त काळ लावली जाते. एकच गोष्ट सांगते. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. ज्यांच्या ओट्यावर रात्रभर दिवा असतो त्यांची दिव्याखालची कुंडी मागं राहते. खत कमी पडलं असं वाटतं, तसं नसतं, तिला रात्रच होत नाही. फुलं संपली की बुडाशी आलेले फुटवे सावलीत जपून ठेवा, पुढच्या वर्षीची लागण त्यातूनच.

आणि उन्हाळ्यात मोगरा. बाकी सगळं करपत असताना हा फुलतो. पौष-माघात पाणी तोडायचं, छाटायचं, पानं झडू द्यायची, मग शेणखत घालून पाणी सोडायचं. चैत्रात कळ्या. हा मात्र आपल्याच भागातला. आपल्याकडून पूर्वेला इतका लांब गेला की फिलिपिन्स देशानं त्याला राष्ट्रीय फूल केलं.

मोगऱ्याशी येऊन मी जरा थांबते. आजीचा मोगरा गावात नावाजलेला होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला अर्ध्या गावाचे गजरे आमच्या परसातल्या कळ्यांचे. संध्याकाळी केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून आजी ओवायला बसायची आणि कळ्या उमलायच्या आत परडी भरून गजरे तयार. पण आजी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली होती. गजरे वाटायला ती जात नसे, आईला पाठवायची. पन्नास वर्षं तिनं ते झाड वाढवलं आणि त्यातलं एक फूल डोक्यात घातलं नाही. आम्हाला लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही, हे सांगायला आज लाज वाटते.

आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवण्याचं काम घराण्याकडं आलं, म्हणून आडनाव फुले पडलं. फुलांवरून नाव पडलेल्या त्याच घरात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं, फसवल्या गेलेल्या बायकांनी जीव देऊ नये, लेकरं मारू नयेत म्हणून. तिथं आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला.

त्यानंतर किती वर्षं गेली बघा. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव एका दिवसात होतो. गजऱ्याकडं हात जायला वेळ लागतो. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. आजीचा मोगरा आता आई सांभाळते. गेल्या चैत्रात मी तिच्या अंबाड्यात दोन कळ्या खोवल्या, तिनं काढल्या नाहीत, पण पदर मात्र डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

तर मावशी, असा आहे फुलांचा इतिहास. आता कामाचं. त्या मोगऱ्याच्या खालच्या फांद्या मी पावसाच्या सुरुवातीला वाकवून मातीत दाबल्या आहेत. मधोमध थोडी साल खरवडायची, वर माती, त्यावर दगड. महिना-दीड महिन्यात मुळं धरतील, मग तोडून पिशवीत भरायची. दहा-बारा रोपं होतील. बैलपोळ्याच्या पुढच्या बैठकीला मी ती घेऊन येते, ज्यांना हवी त्यांनी येताना आपल्याकडचं कुठलंही फुलाचं बी चिंधीत बांधून आणा. गावरान झेंडू असेल तर फारच बरं. आणि रोप घ्यायला सगळ्याजणींनी पुढं या, कपाळाकडं कुणी बघणार नाही.